स्त्रियांची प्रवासवर्णने : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि सरकारी दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. एखाद्या स्त्रीने प्रवासातून धाडलेली पत्रे त्यांच्या पंगतीला बसावीत, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. परंतु वाचकहो, काही गोष्टी अशा लिखाणातच नोंदल्या गेल्या आहेत.

लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज राजदूताच्या पत्नी १७१६ साली पतीसमवेत तुर्कस्थानकडे निघाल्या. परपुरुषांना जेथे मज्जाव होता, त्या अंतःपुरांत त्यांना सन्मानाने प्रवेश मिळाला. ऐकीव माहितीवर पुरुष प्रवाशांनी रंगविलेली चित्रे किती खोटी आहेत, हे त्यांनी दाखविले. देवीच्या फोडांतील पू सुईने टोचून तेथील वृद्ध स्त्रिया मुलांचे रक्षण कसे करीत, याचे वर्णन त्यांच्या १७१७ च्या एका पत्रात आहे. जेन्नरने लस टोचली ती १७९६ साली!

आता आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत प्रसिद्ध केला. गोऱ्या प्रवाशांनी हिंदुस्थानविषयी निवाडे द्यावेत, अशा त्या काळात एका हिंदी विधवेने अमेरिकेची परीक्षा केली. तेथील स्त्रियांच्या संस्थांचे व शिक्षणाचे तिने कौतुक केले. पण कृष्णवर्णीयांवरील व मूळ रहिवाशांवरील अन्यायही झाकून ठेवला नाही.

अर्थात, ही साक्षही पारखूनच घ्यावयास हवी. लेडी मेरींनी पाहिली ती मुख्यतः प्रतिष्ठितांची घरे, आणि आपली पत्रे त्यांनी मागाहून संस्कारून ठेवली होती. रमाबाईंच्या शारदासदनास अमेरिकन मित्रांचेच साहाय्य होते. कोणी, कोणासाठी आणि कशाच्या आधारे लिहिले, हे इतिहासकाराने विचारलेच पाहिजे. तो प्रश्न मात्र त्याने पुरुषांच्या दप्तरांनाही तितक्याच कठोरपणे विचारावा.

आपल्या घरी आजीच्या काशीयात्रेची एखादी वही असेल. गाडीभाडे, तांदळाचा भाव, धर्मशाळेतील मुक्काम, सोबतिणींची नावे, एवढेच तिच्यात असेल. ती रद्दीत घालू नका. आजीचे नाव, गाव आणि साल वहीवर लिहून ठेवा, आणि जवळच्या एखाद्या इतिहास-अभ्यासकास ती दाखवा.