चाकरी की बाग?

रत्नागिरीत नोकरीचा विचार पिढ्यान्‌पिढ्या मुंबईपाशीच येऊन थांबला. भातशेती तुटपुंजी, जमिनीचे तुकडे पडलेले. त्यामुळे घरचा कर्ता गिरणीत किंवा गोदीत लागला आणि ‘चाकरमानी’ झाला. घर चालले ते मनीऑर्डरीवर. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. खरे तर त्यामागे बाहेर गेलेले पुरुष आहेत.

१९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचा आधार तुटला. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे कातळावर आंबा-काजू उभा राहिला आणि गावात राहणे हीही निवड ठरू शकली. ती सोपी मात्र नाही. मोहोरावर तुडतुडा पडतो, अवकाळी पाऊस येतो आणि वर्षाचे गणित कोलमडते. झेल्याने एकेक फळ देठासकट उतरवायचे, चीक अंगावर सांडू द्यायचा नाही, मग पेंढ्यात अढी घालायची: या कामाला घाई चालत नाही.

बदल्यात काय मिळते? सकाळी मऊभात-मेतकूट, पावसाळ्यात कुळथाचे पिठले, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फुकटचा वारा. याला उत्पन्न म्हणणे भाबडेपणाचे; पण शहरात याच गोष्टींसाठी रजा टाकावी लागते. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी आजही गावी येतातच. कोकण रेल्वेच्या त्या दिवसांच्या गाड्यांचे आरक्षण खूप आधीच भरलेले असते.