घटना जुनी झाली, म्हणून?

राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची सवय असते. पूर्वी हे प्रश्न बहुतेक परीक्षेपुरते असत. अलीकडे मात्र दरवर्षी कोणीतरी उठून विचारतेच, "सर, पंच्याहत्तर वर्षांची घटना अजून किती दिवस चालवायची? नवी का लिहीत नाहीत?"

हे काही मुलांच्याच डोक्यातून आलेले नाही. 2022 मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव नव्या घटनेबद्दल बोलले होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष बिबेक देबरॉय यांनी वृत्तपत्रात लेख लिहून हाच विचार मांडला. ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचा खुलासा परिषदेला करावा लागला. फार मागे जायचे तर अमेरिकेच्या थॉमस जेफरसन यांनी 1789 मध्येच एका पत्रात म्हटले होते की, घटना 19 वर्षांनी संपली असे समजावे. मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य का करावे, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्या सीमाभागात तर त्याला वेगळीच धार आहे. माझ्या वडिलांचा जन्म मुंबई राज्यात झाला, ते शाळेत गेले म्हैसूर राज्यात आणि मी जन्मलो कर्नाटकात. तिन्ही वेळा घर एकच, परसातली विहीरही तीच. राज्याचे नाव तेवढे बदलत गेले आणि कोणत्याही वेळी घरातल्या कोणाला कोणी काही विचारले नाही. घटनेचे कलम 3 तसेच आहे. राज्यांच्या सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. संबंधित विधानसभेचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. गावातल्या माणसाला विचारण्याची सोय तर त्यात कुठेच नाही.

म्हणून खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने मला सरळ विचारले, "सर, ज्या घटनेने आपल्याला विचारलेसुद्धा नाही, तिची बाजू आपण कशाला घ्यायची?"

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकातले उत्तर देऊन भागत नाही.

मी त्याला 1 नोव्हेंबर 1956 या तारखेकडे नीट पाहायला सांगितले. राज्यपुनर्रचना त्या दिवशी अमलात आली, आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्तीही लागू झाली आणि तिने घटनेत दोन नवी कलमे घातली. 350 अ म्हणते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. 350 ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला. ज्या हाताने आपल्याला पलीकडे ढकलले, त्याच हाताने ही दोरीही दिली. दोरी बारीक आहे, हे मान्य. पण आपल्या मराठी शाळा, अर्ज-निवेदने आणि 2004 साली महाराष्ट्राने कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, या सगळ्याला आधार याच घटनेचा आहे. या दाव्याला वीस वर्षे उलटली तरी निकाल लागला नव्हता, हेही तितकेच खरे.

आता समजा, घटना नव्याने लिहायला घेतली. लिहिणाऱ्यांच्या पंगतीत आपले पान कुठे असेल? ज्याची संख्या मोठी, त्याचा आवाज मोठा. संख्येने कमी असलेल्या माणसाची पुंजी म्हणजे पूर्वी कबूल करून घेतलेला शब्द. पाटी पुसली की सर्वांत आधी पुसला जातो तो हा शब्द.

हा नुसता तर्क नाही. शेजारच्या श्रीलंकेत हे घडलेले आहे. तिथल्या जुन्या घटनेत कलम 29 होते. कोणत्याही एका समाजावर निर्बंध लादणारा कायदा करण्याला ते मनाई करत होते. तरीही 1956 मध्ये सिंहली हीच राजभाषा ठरली. कोडीश्वरन नावाच्या तमिळ सरकारी कर्मचाऱ्याने सिंहलीची परीक्षा दिली नाही, म्हणून त्याची वेतनवाढ थांबली. तो कलम 29 च्या आधारे कोर्टात गेला. 1964 मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वेगळ्याच मुद्द्यावर फिरवला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1969 मध्ये कौन्सिलने सांगितले की, पगारासाठी कर्मचारी सरकारवर दावा लावू शकतो, भाषेच्या मूळ प्रश्नाचा निकाल श्रीलंकेच्या न्यायालयाने द्यावा. तो निकाल कधीच लागला नाही. 1972 मध्ये देशाने नवी घटना केली. स्वतःची, स्वदेशी, प्रजासत्ताकाची. तिच्यात सिंहलीला घटनेचेच स्थान मिळाले आणि कलम 29 चे ते संरक्षण गळून गेले. सहा वर्षांत तीही घटना जाऊन 1978 ची आली. तमिळलाही राजभाषा म्हणणारी दुरुस्ती व्हायला 1987 उजाडले, तोवर देशात यादवी पेटून चार वर्षे झाली होती. या युद्धाची कारणे अनेक आहेत, सगळा दोष एका घटनेवर टाकता येणार नाही. पण एका कारकुनाच्या हातातला कागद नव्या घटनेने कसा काढून घेतला, हे आपण तरी विसरू नये.

जुने नको, यावर एकमत सहज होते. नवे काय, यावर होत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची घटना 1980 ची, म्हणजे लष्करी राजवटीतली. 2020 मध्ये मतदान करणाऱ्यांपैकी 78 टक्के लोकांनी नव्या घटनेच्या बाजूने कौल दिला. पहिला मसुदा 2022 मध्ये लोकांनी नाकारला, वेगळ्या विचारांच्या मंडळींनी केलेला दुसरा 2023 मध्ये नाकारला. चार वर्षांच्या धडपडीनंतर, अनेकदा दुरुस्त झालेली जुनीच घटना हाती राहिली.

मग जे आहे त्याची नुसती पूजा करायची का? तसे मुळीच नाही. घराची कौले गळू लागली म्हणून कोणी जोते उखडत नाही, कौले बदलतो. आपल्या घटनेत 1951 ते 2023 या काळात 106 दुरुस्त्या झाल्या आहेत. आणीबाणीतल्या 42 व्या दुरुस्तीने केलेले बरेचसे नुकसान 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने भरून काढले. आपल्यालाही मागायचे तर नेमके मागता येईल. कलम 3 मध्ये सीमेवरच्या लोकांचे मत घेण्याची तरतूद हवी. 350 अ मध्ये 'प्रयत्न करावा' याऐवजी 'करावेच लागेल' हवे. एवढे दोन बदल झाले तरी आपल्या कितीतरी पोरांचे भले होईल.

दुरुस्तीच्या नावाखाली कोणी घरच पाडू नये, याचीही सोय झालेली आहे. गंमत म्हणजे तीसुद्धा एका सीमाभागातल्या माणसामुळे. केरळातल्या कासारगोड भागात कन्नड भाषक राहतात, जसे आपण कर्नाटकात. तिथल्या एडनीर मठाचे केशवानंद भारती स्वामी मठाच्या जमिनींसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 एप्रिल 1973 रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने ठरवले की, संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, तिची मूलभूत चौकट मात्र मोडू शकत नाही. आणि 350 अ फक्त आपल्याच शाळांचे नाही. जत-अक्कलकोटकडच्या कन्नड शाळाही त्याच कलमाच्या आसऱ्याला आहेत. आपल्याला हवे ते त्यांनाही मिळाले पाहिजे, हे बोलण्याची तयारी असेल तरच आपल्या मागणीला वजन येईल.

डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बजावले होते की, घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरेल. आपण हे वाक्य पुढाऱ्यांना ऐकवतो. पण राबवणाऱ्यांत आपणही येतो.

कलम 350 प्रत्येकाला, राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. म्हणून दरवर्षी मी वर्गाकडून एक काम करून घेतो. प्रत्येकाने आपल्या गावच्या एका खऱ्या अडचणीचा अर्ज मराठीत लिहायचा, वर कलम 350 चा उल्लेख करायचा, संबंधित कार्यालयात नेऊन द्यायचा आणि पोच घेऊन यायची. कुणाला टेबलावरूनच परत पाठवतात, कुणाला कन्नडमध्ये दोन ओळींचे उत्तर येते. खानापूरच्या त्या मुलाने गावच्या शाळेतल्या रिकाम्या शिक्षकपदाबद्दल अर्ज केला होता. तिसऱ्या खेपेला त्याला शिक्का मारलेली पोच मिळाली. शिक्षक अजून मिळालेला नाही. त्याने आता स्मरणपत्र लिहायला घेतले आहे, आणि पोचेचा क्रमांक त्यावर ठळक घातला आहे.