चलाचे नाव आणि त्याचा मुक्काम

नवनगरातील माझे घर हुबळीकडून मोजावे की धारवाडकडून, हा प्रश्न पाहुण्यांना वाट सांगताना मला नेहमी पडत आला आहे. १९६२ साली या दोन शहरांची महानगरपालिका एक झाली, तरी येणाऱ्याला मोजणीचा आरंभ कोठून तरी करावाच लागतो, आणि आरंभ बदलला की त्याच दाराचे अंतर बदलते, दार मात्र जागचे हलत नाही. असेंब्ली भाषेतील चल, म्हणजे व्हेरिएबल, शिकविताना हेच उदाहरण मी वर्षानुवर्षे देत आलो, कारण १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतील इंटेल ८०८८ या प्रोसेसरची पत्ता सांगण्याची रीत हुबेहूब अशीच आहे.

त्याची रजिस्टरे १६ बिटांची, म्हणून एका रजिस्टराची धाव ६५,५३६ बाइटांपलीकडे जात नाही; मेमरी मात्र १०,४८,५७६ बाइटांपर्यंत पसरू शकते. यावर योजलेला तोडगा असा की, सेगमेंटच्या अंकाला १६ ने गुणावे, त्यात तेथपासूनचे अंतर, म्हणजे ऑफसेट, मिळवावे, की खरा पत्ता निघतो. सेगमेंट दर १६ बाइटांवर सुरू होऊ शकत असल्यामुळे एकाच बाइटाला ४,०९६ पर्यंत निरनिराळे पत्ते संभवतात आणि ते सर्व खरे असतात.

या मुलखातील नावांचे दप्तर असेंब्लर सांभाळतो. मुंबई इलाख्याच्या अमदानीत धारवाड जिल्ह्यातील शेतांना सर्व्हे नंबर पडले आणि कुलकर्ण्याच्या कागदांत नंबर, क्षेत्र व खातेदार यांची नोंद राहू लागली; पीसीच्या काळचा असेंब्लर पहिल्या फेरीत अशीच नोंद करतो (‘बेरीज’ या नावाचे चल, ऑफसेट शून्य, क्षेत्र दोन बाइट) आणि दुसऱ्या फेरीत नावाच्या जागी अंक घालतो. यंत्रापर्यंत नाव पोचतच नाही. हद्दीचा दाखलाही पोचत नाही: ‘डीबी’ लिहून एका बाइटाची जागा मागितली आणि पुढे ‘वर्ड पीटीआर’च्या जोरावर तेथे दोन बाइट भरले, तर शेजारच्या चलावर अतिक्रमण होते आणि प्रोसेसर अवाक्षर काढीत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खानापूरकडचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत मला म्हणाला, “सर, सगळं बरोबर आहे, पण उत्तर दर वेळी ८३९७ नं जास्त येतंय.” कळफलकावरून अंक घेऊन त्यांची बेरीज करणारा त्याचा साधा प्रोग्राम मी तीनदा वाचला, ‘बेरीज’चे आरंभीचे मूल्य शून्य आहे, हे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. अखेर ‘डीबग’ उघडून प्रत्यक्ष मेमरीच पाहिली, तेव्हा ज्या जागेला तो प्रोग्राम ‘बेरीज’ समजत होता तेथे सीडी आणि २० हे दोन बाइट बसलेले आढळले. हा प्रोसेसर कनिष्ठ बाइट आधी ठेवतो. म्हणून त्यांचे वाचन षोडशमान पद्धतीत २०सीडी, आणि दशमानात बरोबर ८३९७!

पीसीची कार्यप्रणाली डॉस प्रत्येक प्रोग्रामच्या आधी २५६ बाइटांचे आपले दप्तर मांडते, त्याच्या अग्रभागी प्रोग्राम संपविण्याची आज्ञा ठेवते, जी म्हणजे हेच दोन बाइट, आणि ईएक्सई प्रोग्राम सुरू करताना डीएस रजिस्टर, ज्यावरून चलांचा सेगमेंट धरला जातो, त्या दप्तराकडेच वळवून ठेवते. डीएस डेटा सेगमेंटकडे आहे असे सांगणारे ‘अझ्यूम’ विद्यार्थ्याने लिहिले होते. पण ते केवळ असेंब्लरला दिलेले कबुलीपत्र असते. डेटा सेगमेंटचा अंक आधी एएक्समध्ये आणि तेथून डीएसमध्ये नेण्याच्या दोन आज्ञा प्रोग्रामरनेच द्यावयाच्या असतात. त्या त्याने दिल्या नव्हत्या, आणि त्या असतीलच असे गृहीत धरून मी वाचीत होतो. ऑफसेट शून्य बरोबर होता, मोजणीचा आरंभ चुकला होता.

सबरूटीनपुरती स्टॅकवर उतरणारी चले या संकटातून सुटतात, कारण बीपी रजिस्टराच्या आधारे मोजलेला पत्ता प्रोसेसर आपण होऊन एसएस, म्हणजे स्टॅकच्या, सेगमेंटचा धरतो. तथापि सबरूटीन संपली की त्यांचा मुक्कामही हलतो.

त्या दिवसापासून मी एक शिरस्ता पाळला, आणि हा विषय आजही शिकविणाऱ्या अध्यापकांना माझी तीच कळकळीची विनंती आहे: विद्यार्थ्याला कळफलकाला हात लावू देण्यापूर्वी त्याच्याकडून चौकटीच्या कागदावर मेमरीचा नकाशा काढून घ्यावा, आणि प्रत्येक चलापुढे सेगमेंट, ऑफसेट व लांबी त्याच्याच हाताने लिहवून घ्यावी.