विल्यम्सटाउनची गवताची गंजी

ऑक्टोबरात पानगळीचे रंग पाहायला बर्कशायरच्या डोंगरांत जाणं हा न्यू इंग्लंडमधल्या मराठी मंडळींचा आता कुळाचारच झाला आहे. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा, मोहॉक ट्रेलची वळणं, माउंट ग्रेलॉकचं शिखर. वेळ उरलाच तर विल्यम्सटाउनचं क्लार्क कलासंग्रहालय, आणि मग गाडी घराकडे वळते.

त्याच विल्यम्सटाउनमध्ये, विल्यम्स कॉलेजच्या आवारात, मिशन पार्क नावाची जागा आहे. तिथे झाडांच्या गर्दीत संगमरवराचा एक स्तंभ उभा आहे. माथ्यावर दगडी पृथ्वीगोल, खाली कोरलेली गवताची गंजी. सहलीला आलेली माणसं सहसा तिकडे फिरकत नाहीत. मराठी माणसाने मात्र तिथे दहा मिनिटं थांबावं. या गंजीचा आपल्या छापील मराठीशी संबंध आहे.

१८०६ सालचा ऑगस्ट महिना. कॉलेजमधले पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी या कुरणात जमले होते. एकाएकी वादळी पाऊस आला. पाचही जण गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथेच बोलणं सुरू राहिलं. सॅम्युएल मिल्स नावाच्या मुलाने विषय काढला, की ख्रिस्ताचा संदेश घेऊन आपण आशियात जायला हवं. एकाला ते अजिबात पटलं नाही. बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना केली. परदेशी मिशनरी पाठवणारी एकही संस्था तेव्हा अमेरिकेत नव्हती. ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झालं ते चार वर्षांनी, १८१० मध्ये.

गंमत म्हणजे, मिल्सला आशिया कधी दिसलाच नाही. १८१८ मध्ये आफ्रिकेहून परत येताना जहाजावरच तो वारला. गंजीखालच्या पाचांपैकी एकच, जेम्स रिचर्ड्स, सिलोनपर्यंत पोचला आणि तिथेच त्याने देह ठेवला. मुंबईला गेला तो त्या दिवशी गंजीखाली नसलेला, पण त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल.

फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. हॉल त्यांतला एक. कलकत्त्याला उतरल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडून जायला सांगितलं. तोवर इंग्लंड-अमेरिका युद्धही सुरू झालं होतं. हॉल आणि त्याचा सोबती नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, तर तिथेही परत पाठवण्याचा हुकूम. अर्ज-विनंत्यांनंतर अखेर राहण्याची परवानगी मिळाली. मग आजारपणामुळे नॉट मायदेशी परतला. नंतर येऊन मिळालेला न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला. त्याची १९ वर्षांची बायको हॅरिएट तर भारतात पाय रोवण्याआधीच मॉरिशसमध्ये वारली होती.

हॉल मराठी शिकला. रस्त्यावर, बाजारात, देवळांच्या आसपास लोकांशी बोलत राहिला. शाळा उघडल्या, छापखाना घातला, नव्या कराराचं भाषांतर चालू ठेवलं. इतकं करून तेरा वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. १८२५ मध्ये आजारी मुलांना घेऊन बायको अमेरिकेला निघाली आणि एक मुलगा वाटेतच गेला. हॉल मुंबईत एकटा राहिला. पुढच्या वर्षी तो नाशिक-त्र्यंबककडे गेला, तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं त्याने लोकांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर त्यालाही पटकी झाली. २० मार्च १८२६ रोजी एका देवळाच्या ओसरीवर, वयाच्या ४२व्या वर्षी, त्याचा शेवट झाला. अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला.

स्तंभापाशी हे सगळं सांगून झाल्यावर आमच्या मंडळातले एक काका म्हणाले, “म्हणजे बिचारा हरलाच की हो.”

हिशेबाने पाहिलं तर काकांचं बरोबर होतं. हॉलला मुंबई इलाख्यात ख्रिस्ती मंडळी उभी करायची होती. या अंकाच्या बहुतेक वाचकांना ते ध्येय पटणार नाही, आणि त्यात काही वावगं नाही. पण ज्या कामांत तो रोज राबत होता, ती कामं थांबली नाहीत. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. त्या कामासाठी १८२७ मध्ये सिंथिया फरार आल्या आणि पुढे नगरला गेल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. जावजी दादाजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, तिथे अक्षरांचे ठसे घडवायला शिकले, आणि त्यांनी पुढे ‘निर्णयसागर’ काढला. आपल्या आजी-आजोबांच्या घरातली कितीतरी पंचांगं आणि पोथ्या तिथल्याच. मिशनऱ्याच्या छापखान्यात तयार झालेल्या हाताने पंचांग छापावं, हे हॉलच्या स्वप्नातही आलं नसेल!

माझे आजोबा नगर जिल्ह्यातले. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ आमच्या घरी यायचा. आजी रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात प्रार्थना करायची. तिची मागणी पुरी झालेली मी क्वचितच पाहिली. दुष्काळ पडायचा तो पडायचाच. पण दुसऱ्या दिवशी ती विहिरीवरही जायची आणि प्रार्थनेलाही बसायची. विश्वासात टिकून राहणं म्हणजे काय, ते मी तिच्याकडे पाहून शिकलो. फळ कधी येणार हे देवावर सोपवायचं आणि आजचं काम आज करायचं. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

इथे आमची महिन्यातून एकदा मराठी उपासना होते. सुरुवातीला अकरा घरं यायची, आता चार येतात. मुलं इंग्रजीत प्रार्थना करतात, ना. वा. टिळकांच्या अभंगांचा अर्थ विचारतात आणि भाकरीवर मात्र ताव मारतात. पुढच्या पिढीत मराठी उपासना टिकेल का, असं कुणी विचारलं की मला उत्तर देता येत नाही. आम्ही खुर्च्या मांडतो आणि पेटीचा सूर लावतो.

पुढची उपासना नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. पेटी आहे, गाणारे आहेत, तबलजी मात्र गेल्या वर्षी टेक्सासला गेला. मंडळात कुणाला ठेका धरता येत असेल तर जरूर या. धर्माची अट नाही, आणि जेवण आमच्याकडे.