उघडी करंजी

पहिला टार्ट मी एप्रिलमध्ये केला आणि तो आम्ही चमच्याने खाल्ला. उचलायला जावं तर भाजी हातात आणि पारी ताटात, इतका तळ भिजलेला. बँकेतून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते, मुलीने ओटीजी पाठवला होता, आणि मी उत्साहाने कोबी, गाजर, टोमॅटो सगळं कच्चंच भरून वर क्रीम ओतलं होतं. त्यावर तिखट, गोडा मसाला आणि चमचाभर मोहरी. मसाला वरून करपला, आतून कच्चा राहिला. मोहरी खड्यासारखी दाताखाली आली. "दोन्ही एका वेळी साधायला कसब लागतं हो," बायको म्हणाली.

ओव्हन १९० अंशांवर होता, मग मोहरी का तडतडली नाही? उत्तर साधं आहे, पण मला बऱ्याच उशिरा सुचलं. सारणात पाणी असेतोवर त्याचं तापमान शंभराच्या पुढे जातच नाही. ओव्हन भाजतो, फोडणी करत नाही. तेव्हापासून मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता हे सगळं आधी कढईत होतं, सारण पूर्ण निवतं आणि मगच पारीत जातं. गरम भरलं तर खालचं बटर भाजण्याआधीच वितळतं, हाही धडा एकदा घेऊन झाला.

पारीची कथा वेगळी. मी मैद्यात थंड बटर चोळत होतो आणि आई खुर्ची ओढून बघत बसली होती. तिचं वय चौऱ्याऐंशी.

"मोहन किती घातलंस?"

"आई, हे बटर आहे."

"तेच ते. मुटका वळतोय का बघ."

तिने मूठभर पीठ घेऊन दाबलं. मुटका झाला, बोट लावताच फुटला. "झालं. करंजीचीच पारी की ही. फक्त उघडी."

मी इतका खूश झालो की पुढच्या वेळी तिच्याच पद्धतीने कडकडीत तुपाचं मोहन घातलं. पारी शंकरपाळ्यासारखी झाली. चवीला उत्तम, पण सुरी लावली तेव्हा तुकडे ओट्यापलीकडे उडाले. तापलेलं तूप पिठाच्या कणाकणाला माखतं. टार्टला बटर तुकड्यातुकड्यांनी शिल्लक राहायला हवं असतं, म्हणजे ओव्हनमध्ये ते वितळून त्यातल्या पाण्याची वाफ झाली की पापुद्रे सुटतात. पुण्याच्या उन्हाळ्यात हे हाताने जमणं कठीण. म्हणून मी बटर फ्रीझरमध्ये दगडासारखं करतो आणि सरळ किसणीवर किसतो. २०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम बटर, चमचाभर चुरडलेला ओवा, बर्फाचं पाणी तीन-चार चमचे. मीठ नाही, बाजारातल्या पिवळ्या बटरमध्ये ते असतंच. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. त्यात टाळाटाळ केली तर लाटलेली पारी भाजताना आक्रसते आणि साच्याची कड सोडून खाली बसते.

तळ भिजण्याचा प्रश्न मात्र बायकोने सोडवला, तोही दुसरंच काही करताना. ती सिमला मिरचीच्या भाजीत पीठ पेरत होती. बेसन कढईत पडलं, मिरचीला सुटलेलं पाणी त्याने पिऊन टाकलं, भाजी मोकळी झाली. मी तिथेच उभा होतो. हीच भाजी निववून पारीत भरली, वर मीठ-जिऱ्याचा चक्का पसरला, पंचवीस मिनिटं भाजली. कापल्यावर तुकडा हातात सरळ उभा राहिला. क्रीम नाही, अंडं नाही. लाल भोपळा आणि मेथीदाण्याची फोडणीही छान लागते, पण भोपळा किसून, पिळून घ्यावा लागतो आणि ते पिळणं मला कंटाळवाणं वाटतं.

सुट्या तळाचा साचा कसा धरू नये हेही शिकलो. तळाखाली हात घालून उचलला, तर कडं घसरून थेट मनगटात. टार्ट तळहातावर, हातात तापलेली बांगडी आणि टेकवायला जागा नाही. डाग अजून आहे.

रिकामी पारी आधी भाजताना ती फुगू नये म्हणून वर कागद घालून काबुली चणे ओततो. तेच चणे पुन्हा पुन्हा वापरतो. जूनमध्ये बायकोने ते छोल्यांसाठी रात्रभर भिजत घातले. सकाळी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, नंतर आणखी चार. पाहुणे आले तेव्हाही चणे टणकच. तिने कुकर माझ्यापुढे ठेवला आणि काहीच बोलली नाही.

आता त्या बरणीवर चिठ्ठी आहे, तिच्या अक्षरात: "ह्यांचे. शिजत नाहीत."