मूठ वळायला हवी

भाजून बरा झालेला हात समोर आला की मी आधी मनगट हलवून बघते. हाताच्या पाठीवरची कातडी आखडलेली असेल, तर मनगट मागे घेतल्यावर बोटं थोडी जास्त मिटतात. मनगट कसंही धरलं तरी बोट तिथेच अडत असेल, तर सांधाच धरलेला असतो. त्याला वण मऊ करणाऱ्या लेझरचा उपयोग नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतून रसायनाने भाजलेले हात येतात, उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतून प्रेसखाली सापडलेले, आणि उकळत्या तेलाने भाजलेले तर घरोघरचे. जखम भरली की सुटलो, असं घरच्यांना वाटतं. वण मात्र त्यानंतरही कित्येक महिने आकसत राहतो.

असा वण मऊ करायला वापरतात त्या फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण 10,600 नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो कातडीतल्या पाण्यात शोषला जातो आणि वणात अतिशय बारीक छिद्रं पडतात. मधली कातडी शाबूत राहते, तिच्यामुळेच छिद्रं लवकर भरतात. किरण असा विरळ ठिपक्यांत सोडून मधली कातडी शाबूत ठेवण्याची कल्पना 2004 साली बॉस्टनच्या मॅन्स्टाइन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मांडली. छिद्रं भरताना कोलॅजनची वीण बदलते, वण मऊ होतो. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग उठायची भीती जास्त, म्हणून छिद्रं आणखी विरळ ठेवावी लागतात. बोटांच्या बेचक्यात दोरीसारखा ताठ पट्टा असेल, तर बहुधा झेड-प्लास्टीची शस्त्रक्रिया किंवा त्वचारोपणच लागतं. तिथे नुसत्या लेझरवर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगते.

मऊ झालेला वण हलवला नाही, तर हाताला काही मिळत नाही. जीन्स शिवणाऱ्या एक ताई लेझरनंतर आल्या, तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, कातडी सैल झाली, पण बॉबिन बसवता येत नाही." मग टेबलावर बॉबिन केसच ठेवली. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती धरायची, फिरवायची, सोडायची. चिमूट आवळताना अंगठ्याजवळचा वण पांढरा पडायचा. तो पांढरेपणा दिसला की तिथेच थांबून, ताण धरून ठेवायचा.

पुढचं लेझर सहा ते आठ आठवड्यांनी. तोवर दिवसा दाबाचा हातमोजा, रात्री स्प्लिंट. कारखान्यात पैसे पीसवर मिळतात, त्यामुळे दर दोन तासांनी व्यायामाला उठणं म्हणजे मजुरी कापून घेणं. ते मी त्यांना सांगूच शकत नाही. म्हणून गठ्ठा संपला, दुसरा उचलायच्या आधी दहा वेळा मूठ वळायची, असं आम्ही दोघींनी ठरवलं.