१५.६६!

कार्ल फिशर टायट्रेशन म्हणजे बी.फार्म.ला पाच मार्कांची टीप. आयोडीन, सल्फर डायऑक्साइड, बेस, मिथेनॉल. लिहिलं की सुटलो. पण गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला लागले, या टायट्रेशनचं यंत्र चालताना पाहिलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय. आई म्हणते, आधी जेव.

औषधात पाणी किती, हे यंत्र सांगतं. कमी असलेलंच बरं असंही नाही हं. अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटमध्ये ते ११.५ ते १४.५ टक्के असावंच लागतं. पण यंत्र खरं बोलतंय कशावरून? त्यासाठी एक साधी पांढरी पूड असते, डायसोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट. तिच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू, म्हणजे वजनाच्या १५.६६ टक्के पाणी. हा आकडा थेट रेणुसूत्रातून निघतो! पेपर सोडवायच्या आधीच उत्तर आपल्या खिशात!

शंभर मिलिग्रॅम पूड, म्हणजे १५.६६ मिलिग्रॅम पाणी. टायटर, म्हणजे एक मिलिलिटर द्रावण किती मिलिग्रॅम पाणी संपवतं तो आकडा, ५ असेल तर ब्युरेट ३.१३ मिलिलिटरच्या आसपास थांबायला हवी. कागदावर लिहून ठेवलं आणि डोळे पडद्याला लावले. ही पूड मिथेनॉलमध्ये विरघळायला वेळ घेते. स्टरर गरगरतोय, आकडा सरकतोय, आयोडीन थेंबाथेंबानं संपतंय... ३.१२! मी ओरडलेच. सीनियर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं फक्त.

टायटर आधी शुद्ध पाण्यावरून काढलेला होता, तोही गमतीदार प्रकार. सिरिंजमध्ये पाणी घ्यायचं, वजन करायचं, यंत्राच्या भांड्यात थेंब सोडायचा, रिकामी सिरिंज परत तोलायची. सिरिंजवरच्या खुणांवर भरवसाच नाही! आणि गोव्याचा जुलै बाहेर धो धो कोसळत असतो. ती ओल झाकणाच्या फटीतूनही आत शिरते. म्हणून यंत्र आधी दर मिनिटाला शिरणारं पाणी, म्हणजे ड्रिफ्ट, मोजतं आणि हिशेबातून वजा करतं.

एवढं जमलं तरी नमुना फसवू शकतो. व्हिटॅमिन सी स्वतःच आयोडीन खातं, आणि यंत्र ते पाणी म्हणून मोजतं! वरून मोजून घातलेलं पाणी अचूक सापडतं, तरी एकूण उत्तर खोटंच. मग नमुना वेगळ्या ओव्हनमध्ये तापवून निघालेली वाफच तेवढी कोरड्या नायट्रोजनबरोबर भांड्यात आणायची, असा एक उपाय.

आणि कळस ऐका. १९३५ साली फिशरनं ही पद्धत मांडली तेव्हा त्याच्या समीकरणात आयोडीनच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू होते. मिथेनॉलमध्ये ते प्रमाण एकास एक असतं, हे नंतर कळलं. समीकरणात दुपटीचा फरक! तरी टायटर माहीत असलेल्या पाण्यावरून काढला, तर नमुन्याचं उत्तर तसूभर हलत नाही.